सामाईक ड्रेनेज तुंबलं, तर खर्च कुणी करायचा?

आमच्या गल्लीत सहा रो-हाउस आहेत आणि सहांची मिळून एकच ड्रेनेज लाइन. गल्लीच्या आतल्या टोकाला पहिलं घर, रस्त्याला लागून सहावं. पाणी पहिल्याकडून सहाव्याकडे वाहत जातं आणि पुढे पालिकेच्या चेंबरला मिळतं. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ही लाइन तुंबली आणि मैलापाणी चौथ्या घराच्या नहाणीतून वर आलं. त्या घरात दोघं वयस्कर नवरा-बायको राहतात. ‘पाणी तुमच्याकडे आलंय म्हणजे बिघाड तुमचाच’ असं सगळ्यांनी धरून चाललं. आजोबांनी मुकाट्याने सगळे पैसे भरले आणि बाकीचे आम्ही गप्प राहिलो. खरं तर लाइन तुंबली होती चौथ्या आणि पाचव्या घराच्या चेंबरांच्या मध्ये. त्या तुकड्यातून वरच्या चारही घरांचं पाणी जातं. आजोबांचा वाटा चौथा हिस्सा, बस्स. पुढे आम्ही त्यांचे पैसे परत केले, पण त्या दोन दिवसांत त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं, ते परत घेता आलं नाही. त्याची मला अजून खंत वाटते, म्हणून हे सगळं नीट मांडून लिहिते आहे.

शेजाऱ्यांमधली बहुतेक भांडणं याच एका गैरसमजातून होतात. पाइप बंद झाला की वरून येणारं पाणी मागे साचत जातं आणि सगळ्यात सखल जे तोंड सापडेल तिथून बाहेर पडतं. इमारतीत ते तळमजल्याची नहाणी असते, गल्लीत तुंबलेल्या जागेच्या लगेच वरचं घर. म्हणजे ज्याला त्रास होतो त्याचा दोष असेलच असं नाही. बऱ्याचदा तो फक्त सखल भागात राहतो.

यावरून खर्चाचं साधं सूत्र निघतं: ज्या तुकड्यात पाइप तुंबला, त्या तुकड्यातून ज्यांचं ज्यांचं पाणी वाहतं, त्या सगळ्यांनी मिळून खर्च करायचा. म्हणून पैशांचं बोलणं सगळ्यात शेवटी. आधी जागा शोधा.

पहिला तास

लाइनवरच्या सगळ्या घरांना सांगा: नळ, फ्लश, वॉशिंग मशीन बंद. एका घराने जरी बादलीभर पाणी सोडलं तरी ते दुसऱ्याच्या नहाणीतून वर येतं. पाणी घरात शिरलं असेल तर जमिनीलगतच्या प्लगांचा वीजपुरवठा बंद करा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत न्या.

आणि कृपा करून ॲसिड किंवा कॉस्टिक ओतू नका. कापड, सिमेंट किंवा मुळं अडकली असतील तर त्याने काही होत नाही. ते साचलेल्या पाण्यात तसंच राहतं आणि नंतर चेंबर उघडणाऱ्या माणसाच्या हातावर, डोळ्यांत उडतं. ओतून झालंच असेल, तर येणाऱ्या प्लंबरला झाकण उघडण्याआधी सांगा.

जागा कशी शोधायची

चेंबरचं झाकण उघडल्यावर थोडा वेळ तसंच राहू द्या, आत वाकून पाहू नका, जवळ काडी किंवा विडी पेटवू नका. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, पण त्याचं प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

आता रस्त्याच्या बाजूने आत यायचं. तुमच्या हद्दीतलं शेवटचं चेंबर पाहा. ते काठोकाठ भरलेलं असेल तर बिघाड पुढे आहे: एक तर तुमच्या जोडणीच्या पाइपात, नाहीतर पालिकेच्या लाइनमध्ये. पालिकेचं झाकण स्वतः उचलायचं नाही. तक्रार नोंदवून त्यांच्या माणसांकडून पुढचं चेंबर तपासून घ्यायचं. मुंबईत १९१६ वर तक्रार देता येते. इतर शहरांत क्षेत्रीय कार्यालयाच्या मलनिस्सारण विभागाकडे द्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पालिकेची लाइन तुंबली असेल तर शेजाऱ्यांपैकी कुणीच पैसे द्यायचे नाहीत. बाहेरची गाडी बोलावून स्वतःच्या खर्चाने पालिकेचं काम करून घेण्याची घाई लोक करतात. निदान आधी तक्रार तरी नोंदवा.

शेवटचं चेंबर कोरडं असेल तर एकेक करून मागे या. ज्या दोन चेंबरांपैकी खालचं रिकामं आणि वरचं भरलेलं, त्या दोघांच्या मध्ये पाइप अडलेला आहे. हे पाहायला दहा मिनिटं लागतात आणि निम्मं भांडण तिथेच मिटतं. सगळी सामाईक चेंबरं मोकळी असून एकाच घरात पाणी तुंबत असेल, तर बिघाड त्या घरापासून चेंबरपर्यंतच्या पाइपात. तो खर्च त्या घराचा, त्यात वाद नाही.

फरशी किंवा पेव्हर ब्लॉक घालताना चेंबरं गाडून टाकलेली असतात, असंही दिसतं. मग पाइपात लांब लवचीक स्प्रिंग घालून अडलेलं काढणाऱ्या प्लंबरला एक प्रश्न विचारायचा: स्प्रिंग किती फूट आत गेल्यावर अडली? तेवढं अंतर जमिनीवर टेपने मोजा आणि खडूने खूण करा. ही खूण सगळ्या शेजाऱ्यांसमोर करा.

साफसफाई: इथे काटकसर नको

वर्गणी कमी पडते, मग कुणीतरी म्हणतं, ‘एक माणूस आहे, हजार-पाचशेत उतरतो.’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबवा. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याच्या कलम ७ नुसार सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. ही मनाई फक्त पालिकेला किंवा ठेकेदाराला नाही. काम देणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला आहे, म्हणजे तुम्हा-आम्हालाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत.

गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. आपल्याकडचंच उदाहरण: डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गेले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख द्यायला राज्य सरकारला सांगितलं. पैसे वाचवण्यासाठी कुणाच्या घरातला माणूस जावा, इतकं आपलं कोणतंही गटार महत्त्वाचं नाही.

म्हणून स्प्रिंग मशीन, बांबूच्या लांब कामट्या किंवा रॉड, आणि त्याने नाही झालं तर जेटिंग (जोराच्या पाण्याने पाइप धुणारी) किंवा सक्शन (मैला ओढून घेणारी) गाडी. सगळं काम जमिनीवर उभं राहून. पालिकेच्या गाडीसाठी नाममात्र शुल्क भरावं लागतं का, हे वॉर्ड ऑफिसात विचारा. सेप्टिक टाकी आणि गटार साफ करण्याच्या मदतीसाठी १४४२० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

काम चालू असताना दोन गोष्टी आठवणीने करा. काय निघालं त्याचा फोटो काढा आणि बिल घ्या. बिलावर तारीख, पाइप कुठे अडला होता ती जागा आणि निघालेली वस्तू, तिन्ही लिहून घ्या. ‘ड्रेनेज काम, रु. ६,०००’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

निघालेली वस्तू बरंच सांगून जाते. मुळं निघाली तर जवळपास उंबर, पिंपळ किंवा वड आणि पाइपाचा सांधा फुटलेला. ते दरवर्षी होणार. झाड तोडण्याआधी मात्र वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा सांधा दुरुस्त करणं सोपं. साका आणि तूप-तेलाचा थर निघाला तर तो सगळ्यांच्या मोऱ्यांचा मिळून झालेला असतो, कुणा एकाला बोट दाखवू नका. सॅनिटरी पॅड आणि डायपर निघाले तर ते कुणाचे यावर वाद घालू नये. घरातल्या बायका-मुलींची उगाच अवहेलना होते आणि सिद्ध काहीच होत नाही. सिमेंटचा गोळा निघाला तर गोष्ट वेगळी. गेल्या सहा महिन्यांत कुणाकडे फरशी बदलली, कुणाच्या गवंड्याने घमेली संडासात धुतली, हे सगळ्यांना माहीत असतं. तो खर्च त्या घराने करावा, आणि पुरावा समोर ठेवला की लोक सहसा करतातही.

आपलं घर कोणत्या प्रकारात बसतं?

*सहकारी सोसायटीतला फ्लॅट.* इथे उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी असते आणि तीत ड्रेनेज लाइन, सेप्टिक टाकी, सामाईक पाइपांची गळती यांचा स्पष्ट उल्लेख असतो. त्या यादीत नसलेलं काम सदस्याचं. म्हणून बाहेरचा उभा पाइप तुंबून तळमजल्याच्या घरात मैलापाणी आलं, तर खर्च सोसायटीचा. ‘त्या लाइनवर जे चार फ्लॅट आहेत त्यांनीच द्यावेत’ हा ठराव कमिट्या करतात, तो चुकीचा आहे. वरच्या मजल्याला लिफ्टची आणि शेवटच्या मजल्याला गच्चीची दुरुस्ती जशी सगळ्यांच्या पैशांतून होते तसंच हे. दुरुस्ती-देखभालीची वर्गणी सर्वसाधारण सभा ठरवते. उपविधींप्रमाणे ती फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के असायला हवी. फ्लॅटच्या आतला नहाणी ट्रॅप, बेसिनचा पाइप, संडासाचं भांडं मात्र ज्याचं त्याचं.

*अपार्टमेंट.* १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदलेली इमारत असेल तर सामाईक खर्च समान वाटला जात नाही; घोषणापत्रात प्रत्येकाचा जो अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो त्या प्रमाणात वाटला जातो. मोठ्या फ्लॅटला जास्त, छोट्याला कमी. वाद घालण्याआधी घोषणापत्र काढून पाहा.

*नवी इमारत.* ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील आणि लाइन वारंवार तुंबत असेल तर वर्गणी काढण्याआधी उतार तपासून घ्या. चार इंची पाइपाला साधारण ५५ ते ६० फुटांत एक फूट उतार लागतो. त्याहून सपाट असला की पाणी पुढे जातं आणि मैला मागे राहतो. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ नुसार पाच वर्षांत दिसलेला कामाच्या दर्जातला दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा.

*स्वतंत्र बंगले, रो-हाउस, गुंठेवारीतले प्लॉट.* खरी ओढाताण इथेच होते, कारण इथे सोसायटी नसते आणि उपविधीही नसतात. लाइन कुणीतरी कधीतरी वर्गणी काढून टाकलेली असते. हद्दीच्या आतली, पालिकेच्या चेंबरला मिळेपर्यंतची लाइन खासगी. तिची जबाबदारी मालकांची. ती साफ न करता सांडपाणी रस्त्यावर येऊ दिलं तर पालिका नोटीस देऊ शकते, स्वतः काम करून खर्च वसूल करू शकते.

लाइन शेजाऱ्याच्या अंगणातून जात असेल तर १८८२ चा भारतीय सुखाधिकार कायदा लागू होतो. तो आपल्याकडे कोर्टाच्या पायरीवरच आठवतो, पण त्यातलं मर्म अगदी घरगुती आहे. तुमचं पाणी दुसऱ्याच्या जमिनीतून नेण्याचा हक्क तुम्हाला असेल, तर दुरुस्तीसाठी तिथे जाऊन खणण्याचाही आहे, पण जमीन होती तशी करून द्यायची. खर्च हक्क वापरणाऱ्याचा. कलम २५ तेच सांगतं. ज्याच्या अंगणातून पाइप जातो त्याच्यावर दुरुस्तीचा बोजा नाही. तेव्हा पाचव्या घराची टाइल फोडावी लागली तर ती परत बसवून देण्याचा खर्चही वरच्या चार घरांचा. उलट, पाचव्या घराने चेंबरवर शेड बांधायची किंवा दार लावून ‘आत येऊ नका’ म्हणायचं, हेही चालत नाही. खरेदीखतात असा हक्क लिहिलेला नसला तरी २० वर्षं उघडपणे, अखंड, विनातक्रार वापर असेल तर वहिवाटीने तो मिळू शकतो.

*वाडा आणि भाऊबंदांची घरं.* वाटणीपत्रात विहिरीचं पाणी, गाडीवाट, झाडांची फळंसुद्धा लिहिलेली असतात, मोरीची वाट मात्र सुटून जाते. दोन भावांची मिळून एक सेप्टिक टाकी असेल तर ती उपसण्याचा खर्च निम्मा-निम्मा, आणि एकाकडे भाडेकरू असतील तर माणशी. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसलीच पाहिजे. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसायची पद्धत सुरू केली आहे. ज्यांच्या गावात ती नाही त्यांनी तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

भाड्याच्या घरात सामाईक लाइनचा खर्च मालकाचा, भाडेकरूच्या हातून काही अडकलं असेल तेवढा त्याचा.

वाटणी कशी करायची

आमच्या गल्लीचाच हिशेब मांडते. चौथ्या-पाचव्या घरामधला तुकडा साफ करायला समजा ६,००० रुपये लागले. वरच्या चार घरांनी प्रत्येकी १,५०० द्यायचे, पाचव्या-सहाव्याने काही नाही. न्याय्य आहे आणि पटवायलाही सोपं.

पण हेच सूत्र सगळी लाइन बदलताना लावलं तर काय होतं पाहा. सहा तुकडे, प्रत्येकाला १०,००० रुपये, एकूण ६०,०००. पहिला तुकडा फक्त पहिलं घर वापरतं, दुसरा दोन घरं, असं करत शेवटचा सहाही. या हिशेबाने पहिल्या घराला २४,५०० रुपये पडतात आणि सहाव्याला १,६६७. गणित बरोबर आहे, पण गल्लीच्या आतल्या टोकाला घर मिळालं एवढ्यासाठी कुणी पंधरापट पैसे द्यावेत, हे मला पटत नाही. शिवाय ज्याला इतकं द्यावं लागेल तो काम अडवून धरणार आणि त्रास सगळ्यांना होणार.

म्हणून माझं मत असं: एकाच जागी तुंबलं आणि तेवढंच काम असेल तर तुकड्याप्रमाणे. वर्षाची जेटिंगची फेरी आणि पूर्ण लाइन बदलणं समान वाटणीने. एखाद्या घरात हॉस्टेल, मेस किंवा क्लिनिक चालत असेल तर त्याचे दोन वाटे. दोन भावांच्या टाकीचं ठीक, पण गल्लीच्या लाइनला माणशी वाटणी मी टाळते; पाहुणे, बाळंतपणाला आलेली लेक, परगावी शिकणारा मुलगा, हे मोजत बसायचं कुणी?

एखादा शेजारी पैसे देत नसेल तर

आधी घरी जाऊन बोला, चेंबरचे फोटो आणि बिल दाखवून. बरेच जण पैशांसाठी अडत नाहीत. आपल्याला न विचारता काम करून टाकलं, याचा राग असतो. म्हणून मोठ्या खर्चाआधी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर दर कळवून ‘चालेल का’ असं विचारून ठेवा. तो संदेश पुढे पुरावा होतो.

काम तातडीचं असेल तर वर्गणीची वाट पाहत मैल्यात बसू नका. एकाने खर्च करावा आणि नंतर वाटा मागावा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० याच प्रसंगासाठी आहे: फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने भरपाई द्यायची. मागणी लेखी करा. पैसे वसूल करण्याच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते.

दोन-तीन हजारांसाठी दिवाणी दावा लावू नका. वकिलाची फी त्याहून जास्त होईल. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करा. ते दुसऱ्या बाजूला बोलावतात, समोरासमोर बसवतात, आणि लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते. सोसायटीत सदस्य वर्गणी देत नसेल तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मिळतो; कमिटीच काम करत नसेल तर उपनिबंधकांकडे तक्रार, पुढे सहकार न्यायालय.

शेजारी दुरुस्तीच होऊ देत नसेल आणि मैलापाणी वाहत असेल तर पालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा. सार्वजनिक उपद्रव होत असेल तर कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तो दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. हेच आधी दंड प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आणि मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध त्याचाच आधार घेतला होता. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मान्य केली नाही.

आम्ही लिहून ठेवलेला कागद

आजोबांचे पैसे परत केल्यावर आम्ही सहा घरांनी मिळून एक पान लिहिलं. शंभराच्या मुद्रांकावर नाही, साध्या कागदावर, सहांच्या सह्या आणि प्रत्येकाकडे एक प्रत. कुणाला हवं असेल तर यातलं घ्या:

‘घर क्रमांक १ ते ६ यांची ड्रेनेज लाइन सामाईक आहे, चेंबरांचा नकाशा सोबत जोडला आहे. प्रत्येक घर दरमहा १०० रुपये जमा करील. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, संपूर्ण लाइन मशीनने साफ केली जाईल व खर्च जमा रकमेतून होईल. मध्येच लाइन तुंबल्यास किमान दोन घरांच्या माणसांसमोर चेंबरं उघडून जागा ठरवली जाईल आणि त्या तुकड्याचा वापर करणारी घरं समान खर्च देतील. दुरुस्तीसाठी अंगणात येण्यास कुणी हरकत घेणार नाही. मोडतोड झाल्यास खर्च देणारी घरंच ती पूर्ववत करून देतील. चेंबरवर बांधकाम करणार नाही. पावसाचं पाणी या लाइनला जोडणार नाही. घरात फरशीचं किंवा बांधकामाचं काम काढल्यास आधी कळवू आणि राबीट लाइनमध्ये जाऊ देणार नाही. कोणत्याही कारणाने माणसाला चेंबरमध्ये उतरवणार नाही. घर विकल्यास हा कागद नव्या मालकाला दाखवून त्याची सही घेतली जाईल.’

पहिली सही आम्ही चौथ्या घराच्या आजोबांना करायला सांगितली.